डीपच्या दाराशेजारचे फोटो

अडचण आली की मी कोरा कागद घेते. वर अडचण लिहायची, तिच्याखाली ‘का?’, मग उत्तर, आणि उत्तराखाली पुन्हा ‘का?’. घरातला सिलिंडर लवकर का संपतो इथपासून ही सवय आहे. नवरा म्हणतो, तू स्वर्गात गेलीस तरी दारात उभी राहून आधी यादी मागशील. माझा नियम एकच आहे. उत्तरात माणसाचं नाव आलं की समजायचं, अजून खाली जायचंय.

आमच्या मालकांचं उलट होतं. नाव आलं की त्यांचा शोध संपायचा.

मी ज्या कारखान्यात कामगार आणि सुरक्षा विभाग सांभाळते, तो श्रीरामपूरहून बेलापूरकडे जाताना उसाच्या शेतांमध्ये आहे. मक्याचे दाणे, डाळिंबाचे दाणे, सीताफळाचा गर असा माल येतो, साफ होतो, पिशव्यांत भरला जातो आणि गोठवून ठेवला जातो. ठेवण्याच्या खोलीवरची पाटी वेगळी आहे, पण सगळे तिला ‘डीप’ म्हणतात. आत शून्याच्या खाली वीस अंश. बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत असतं आणि ते जाड दार सरकवलं की पांढरी वाफ जमिनीवरून पायांत येते. छताला मोठे पंखे आहेत. त्यांचा आवाज इतका सलग असतो की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो, आणि मग दुसरंही काही ऐकू येत नाही.

आत जाताना सगळे एकसारखे जाड जॅकेट आणि कानटोपी घालतात. बाई की बुवा, थोरली की धाकटी, पाठीमागून काही कळत नाही.

पहिली घटना एका हमालाची. पाळी सुटताना तो आतच राहिला आणि बाहेरून दार लागलं. त्याने लाकडी फळीने दार ठोकलं, सुदैवाने कुणीतरी ऐकलं. बोटांची टोकं काळी पडली, पण माणूस वाचला. मालक म्हणाले, “हमाल बेसावध होता.” मी कागद घेऊन बसले आणि खाली खाली जात चार गोष्टी केल्या. आतून दार उघडण्याची, बाहेरचा अडसरही सोडवणारी मूठ बर्फाने घट्ट बसायची, तिला गरम ठेवणारी तार बसवली. आतला दिवा दारासोबत विझायचा, तो कायम चालू केला. लाल घंटा बसवली. आणि दाराशेजारी फलक लावला.

फलक साधा होता. प्रत्येकाच्या फोटोचं एक कार्ड. आत जाताना आपलं कार्ड खिळ्यावर अडकवायचं, बाहेर आल्यावर काढून खालच्या टोपलीत टाकायचं. जॅकेटमध्ये माणूस ओळखू येत नाही, म्हणून नंबर नको, चेहराच असू दे, असं मी ठरवलं. फोटो चांगले मोठे काढून घेतले. फलक मोकळा असेल तरच दार लावायचं.

दार लावायचं काम एकाच माणसाचं होतं. पन्नाशीचा, शेवगावकडचा, सगळे त्याला मामा म्हणत. मामा दिवसभर दार सरकवायचा आणि पाळी सुटली की बाहेरून अडसर घालायचा. त्याची पद्धत ठरलेली होती. फलकाकडे बघायचं, मोठ्याने “मोकळा!” म्हणायचं आणि मग दार ओढायचं. बायका त्याची नक्कल करायच्या. घरी जाताना टेम्पोत बसल्या की एकजण “मोकळा!” ओरडायची आणि टेम्पो हलायचा.

जवळपास वर्षभर काही झालं नाही. मग दुसरी घटना झाली.

एकाच घरातल्या दोघी जावा आमच्याकडे कामाला होत्या. थोरली पिशव्या भरणाऱ्या बायकांची मुख्य, बोलायला धारदार. धाकटी तिच्या मागे मागे राहायची, हळू बोलायची. त्या संध्याकाळी दोघी आत खोकी रचत होत्या. थोरली आधी बाहेर आली. धाकटी शेवटच्या मांडणीमागे गेली, तिथे जमिनीवर जमलेल्या बर्फावरून पाय घसरला आणि रचलेली खोकी तिच्या पायावर आली. घंटा ठीक होती, पण दाराजवळ होती. मूठ गरम होती, पण तीही दाराजवळच. दिवाही चालू होता. मी केलेली प्रत्येक गोष्ट नीट चालत होती, आणि ती बाई त्या उजेडात एकटी पडून होती.

मामाने फलक बघितला, “मोकळा!” म्हटलं आणि अडसर घातला.

टेम्पो फाटकाशी थांबलेला होता. धाकटी मागून येतेय म्हणून थोरलीने तो थांबवून ठेवला. ड्रायव्हर कुरकुरला. थोरली त्याला म्हणाली, “तुजी बायकू न्हाई मागं राहिली, म्हून घाई. गप बस.” मग तीच उतरली, कपडे बदलायच्या खोलीत बघून आली, मोरीत बघून आली. मग पळत सुटली. दार उघडलं तेव्हा धाकटी शुद्धीवर होती, पण तिला बोलता येत नव्हतं. ओठ हलत होते. तिला नगरला हलवलं. पायाची बोटं राहतील की नाही, ते डॉक्टर पुष्कळ दिवस सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामाला घरी बसवलं.

“मॅडम, बोर्ड मोकळा हुता,” तो मला फाटकाशी म्हणाला. त्याला आत यायची मनाई झाली होती. “म्या बघितला. मोकळा म्हनलो आन् मंग वढलं दार. आता समदेच म्हनत्यात न्हवता मोकळा, तर माजं मलाच वाटाय लागलंय. न्हवता का काय?”

“तुम्हाला काय दिसलं होतं?”

“खिळं दिसलं. नुसतं खिळं.” तो थांबला. “पर मला तिचं त्वांड पन दिसतंय आता. डोळं मिटलं की दिसतंय तितंच, बोर्डावर. मंग खरं कुठलं?”

मालकांनी त्याचे डोळे तपासून घेतले. अहवाल आला तसे ते माझ्या टेबलाशी आले. “उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. संपला विषय.”

“मी फलक उतरवून नेला आणि त्यांच्याकडून वाचून घेतला, साहेब. फाटकातून. सगळे चेहरे ओळखले.”

“त्या दिवशी नसेल ओळखला.”

“ओळखायचा नव्हताच. फोटो आहे की नाही एवढंच बघायचं होतं.”

“मॅडम, बाईच्या घरचे पोलिसांत जायचं म्हणतायत. मला शनिवारपर्यंत कारण पाहिजे. कारण म्हणजे कारण, तुमचा तो जिना नको.” माझ्या ‘का?’च्या कागदाला ते जिना म्हणायचे.

कारण द्यायला तयार होतं. म्हातारपणाकडे झुकलेला, एका डोळ्याने अधू माणूस. त्याच्या नावाने तक्रार गेली असती आणि उरलेलं आयुष्य तो दार लावून बाईला मारायला निघालेला माणूस म्हणून जगला असता. आणि आम्ही त्याच्या जागी चांगल्या डोळ्यांचा माणूस उभा केला असता. त्यालाही एक दिवस नुसते खिळे दिसले असते.

कॅमेरा होता, पण डीपच्या दारापुढे त्याच्या काचेवर सतत धुकं धरतं. चित्रात पांढऱ्यात हलणारी माणसं दिसत होती, हात वर जाताना दिसत होते. कुणाचे, ते नाही.

मी एकेकीला विचारलं. धाकटीने कार्ड अडकवलं होतं का? अडकवलं होतं, सगळ्या म्हणाल्या. ती कधी विसरायची नाही. मग काढलं कुणी? त्या पिशव्यांकडे वळायच्या. मी जेवणाच्या खोलीत गेले की डबे वाजायचे थांबायचे. एकदा दाराबाहेरून ऐकलं, एकजण म्हणत होती, “आल्या बाई ‘का’वाल्या. आता इचारतील, भाकर गोल का.” दुसरी म्हणाली, “सांग की, तव्याला इचारा.” हसल्या. मी आत गेले आणि हसणं असं बंद झालं, की मलाच थंडी वाजली. त्या माझ्यापासून काही लपवत होत्या असं मला तेव्हा वाटलं. तसं नव्हतं. मी जे विचारत होते ते सांगण्यासारखं आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

कागदावर तीन ‘का?’ झाले होते आणि चौथ्यापाशी नुसती रेघ होती. तेव्हा मी कागद ठेवून दिला आणि पाळी सुटायच्या वेळी डीपसमोर एक क्रेट उलटा टाकून त्यावर बसले.

पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत वागले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माल जास्त होता, गडबड होती, आणि मी तिथे आहे हे ते विसरले. एक बाई वाफेतून बाहेर आली. कानटोपी काढली. आपलं कार्ड खिळ्यावरून काढलं, टोपलीत टाकलं. मग तिचा हात पुढे गेला आणि शेजारची दोन कार्डं तिने तशीच उतरवली. बघितलंसुद्धा नाही. वाळत घातलेले कपडे काढताना शेजारणीचाही एखादा काढावा, तसं. मग पदर सारखा करून निघाली.

त्या दोन कार्डांवरच्या बाया अजून आत होत्या.

मी उठून दारात गेले आणि त्या दोघी बाहेर येईपर्यंत दार धरून उभी राहिले. माझे हात सुन्न झाले होते. मामाच्या जागी आलेला नवीन माणूस म्हणाला, “मॅडम, बोर्ड मोकळा हाय की.”

फलक खरंच मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला माझ्या खोलीत बोलावलं. बायकांची मुख्य तीच, म्हणून. दवाखान्यात रात्रभर बसून ती थेट कामावर आली होती. मी चहा मागवला आणि विचारलं, “एकमेकींची कार्डं का काढता?”

“काढायचीच की, ताई.” तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. “ऱ्हाऊ द्यायचा नसतो फोटू असा.”

“कसा?”

“टांगल्याला. भिताडाला.” तिने आवाज खाली आणला. “जित्या मान्साचा फोटू टांगत्यात का? आन् त्यो बी त्या दाराशेजारी? आत असं गारठ्यात, पांढरं पांढरं. आन् बाहीर आपलं त्वांड खिळ्याला. तुमीच सांगा. हार तेवढा घालायचा ऱ्हायला.”

माझ्या घरी दिवाणखान्यात सासू-सासऱ्यांचे फोटो आहेत, चंदनाच्या हारांसकट. दिवाणखान्यात आम्हा जिवंत माणसांचा एकही फोटो भिंतीवर नाही, आहेत ते कपाटात, अल्बममध्ये. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

“मग मला सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं? तुमी चांगल्यासाठी केलं हुतं. लावायचं तर लावायचं. पर जी आधी बाहीर येती ती मागचीचा उतरवून टाकती. आपल्या मान्साचा कोन ठेवंल वर?” ती चहाचा घोट घ्यायला वाकली. “माज्या जावंचा तर मी कवाच ऱ्हाऊ देत न्हाई. आमी लगीन हून आलो तवापासनं मी तिला...”

ती थांबली.

मी तिला तिथवर न्यायचं ठरवलं नव्हतं. मला वाटलं होतं, सवय कळेल, बस. पण ती स्वतःच्या वाक्यातून चालत चालत तिथे पोचली होती. कप तिच्या हातात तसाच होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघितलं. तिथे उसाची ट्रॉली उलटी वळवायचा प्रयत्न चालला होता आणि माणसं ओरडत होती, “येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे.”

“त्या दिशी,” ती म्हणाली. “त्या दिशी बी.”

मी तिच्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवला.

“मंग मामानं न्हाई लावलं दार.”

“लावलं त्यांनीच. पण त्यांना मोकळा दिसला.”

“म्या मोकळा केला म्हून दिसला.” तिने पदर खांद्यावर ओढला. मग विचारलं, “ताई, तिला सांगू का? ती इचारती सारकं, बाई, माजा फोटू तर व्हता ना वर. म्या म्हनते, मामाला दिसत न्हाई. आमचं न्हवरं, दोघं भाऊ, म्हनत्यात, त्या मामाला सोडायचा न्हाई. तिला सांगू, का नगं?”

माझ्या कागदावर या प्रश्नाला जागा नव्हती. मी म्हटलं, आधी तिचे पाय बरे होऊ देत. हे उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळलं. ती उठली आणि कप धुऊन ठेवून गेली. आमच्याकडे कुणी कप धुऊन ठेवत नाही.

शनिवारी मी मालकांना अहवाल दिला. एका पानाचा. फलकावर फोटो लावल्यामुळे कामगार एकमेकांची कार्डं उतरवतात. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर टांगलेला त्यांना सहन होत नाही. म्हणून आत माणूस असताना फलक मोकळा दिसतो. दार लावणाऱ्याने नियम पाळला. फोटो उतरवावेत.

त्यांनी दोनदा वाचलं. “हे खरंय?”

“मी तिथे बसून बघितलंय.”

“मग त्या दिवशी बाईचं कार्ड काढलं कुणी?”

“सगळेच काढतात.”

“सगळेच नव्हे. त्या दिवशी. एक हात असेल ना?” ते पेनचं टोपण उघडून बसले होते. “घरचे बाहेर बसलेत, मॅडम. त्यांना मी काय भिंतीचं नाव सांगू?”

काचेतून बाहेर बाकावर धाकटीचा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे थोरलीचा नवरा, दिसत होते. दोघांच्या मांडीवर टोप्या. थोरल्या भावाने माझ्याकडे बघून मान हलवली. सकाळी त्याच्याच हातून थोरलीला डबा पोचला असणार.

“नाव माहीत नाही,” मी म्हटलं. “कॅमेऱ्यात धुकं आहे.”

मालकांनी टोपण लावलं. ते मूर्ख नाहीत. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “मामाला बोलवा परत. पण आता पुन्हा काही झालं, तर नाव तुमचं.”

फोटो त्याच दिवशी उतरवले. पितळी बिल्ले करून आणले, त्यावर फक्त अंक. कुणाला कुठला अंक ते मीच ठरवलं, पाठ करून घेतलं. बिल्ल्याला तोंड नाही, म्हणजे अपशकुन नाही. बायकांना पटलं. एकजण म्हणाली, “हे बरं. बस-स्टँडवर सामान ठेवल्यागत.” हसू आलं सगळ्यांना.

पण हात ऐकत नव्हते. पहिल्याच संध्याकाळी मी पाहिलं, एक बाई बाहेर आली, स्वतःचा बिल्ला काढला आणि शेजारचाही काढला. मग दचकली. जीभ चावली. परत लावायला गेली आणि हात हवेत थांबला. कुठल्या खिळ्यावरचा होता, आणि कुणाचा, ते तिला सांगता येईना. अंकाला खरंच तोंड नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग अंदाजाने एका खिळ्यावर अडकवला.

मामा हे सगळं दाराशी उभा राहून बघत होता. तो परत कामावर आला होता, पण ‘मोकळा’ म्हणणं त्याने सोडलं होतं. बायकांनीही टेम्पोत ते म्हणणं सोडलं. सगळे बाहेर आले, बिल्ले टोपलीत पडले, फलकावर रांगेने खिळे दिसायला लागले. नवा माणूस बाजूला सरला. मामाने दाराच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला.

“मी न्हाई लावनार, मॅडम.”

“फलक मोकळा आहे, मामा.”

“मोकळा तवा बी हुता.” त्याने जॅकेट उचललं. “तुमी धरा दार. मी बघून येतो.”

मी दार धरलं. तो वाफेत गेला. आधी त्याची पाठ दिसत होती, मग कानटोपी, मग नुसतं पांढरं. तो हाका मारत जात होता, “हाय का कोनी? ए, हाय का कोनी?” दुसऱ्या मांडणीपर्यंत मला त्या ऐकू आल्या. मग पंख्यांनी त्या घेतल्या. माझ्यामागे बायका टेम्पोकडे जायच्या थांबल्या होत्या. थोरली सर्वांत पुढे होती.

फार वेळ दार उघडं राहिलं की भिंतीवरची दुसरी, तापमानाची घंटा वाजते. ती वाजायला लागली.

मामा परत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरं धरलं होतं.

“कुणी नाही ना?” मी विचारलं.

“दिसलं न्हाई,” तो म्हणाला.

“दिसलं नाही, की नाही?”

त्याने माझ्याकडे बघितलं. उजवा डोळा चोळला. “दिसलं न्हाई, यवढंच म्हनू शकतो, मॅडम. न्हाई असं कसं म्हनू?”

घंटा वाजत होती. खिशातला माझा फोनही वाजायला लागला. मालकांच्या खोलीत तापमानाचा आकडा चढताना दिसतो. नवा माणूस अडसराकडे हात नेत म्हणाला, “लावू का, मॅडम?”

“हात लावू नका,” मी म्हटलं. “मामा, परत जा. आणि शेवटच्या मांडणीमागे वाकून बघा.”

थोरली पुढे आली. तिने खुंटीवरचं जॅकेट घेतलं, टोपलीतून आपला बिल्ला शोधून खिळ्यावर अडकवला आणि मामाच्या मागे आत गेली. मी डाव्या हाताने दार धरलं आणि उजव्या हाताचा तळवा तिच्या बिल्ल्यावर दाबून धरला.